दारातल्यान दारापर्यंत

मनगटावरच्या घड्याळाची काच ते आधी अंगठ्याने पुसायचे, दोनदा, आणि मग समोरच्याकडे बघून विचारायचे, "दारातल्यान दारापर्यंत किती?" काच स्वच्छच असायची. पण पुसल्याशिवाय त्यांना वेळ दिसत नाही आणि वेळ दिसल्याशिवाय त्यांना बोलता येत नाही, असं आम्ही डिचोलीच्या बाजारातले लोक एकमेकांत म्हणायचो आणि हसायचो.

त्यांचं नाव सांगत नाही. गावाचंही नाही. नार्व्याच्या वाटेवर, नदीच्या अलीकडे आहे, एवढं पुरे. या गोष्टीत त्यांच्याबद्दल वाईट काहीच नाही, जे आहे ते माझ्याबद्दल आहे. पण आमच्या गावात एकाचं नाव घेतलं की दुसऱ्याचं न सांगता कळतं. तेव्हा त्यांना इथे काका म्हणतो. तसं मी त्यांना काकाच म्हणायचो. गावाला ते टायमकीपर म्हणून ठाऊक होते. डिचोलीच्या बसस्टँडवर सरकारी गाड्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिण्यात त्यांची सगळी नोकरी गेली आणि निवृत्त झाल्यावर ती सवय बरोबर घेऊन ते माझ्या दुकानात येऊन बसले.

माझं दुकान म्हणजे स्टँडसमोरची एक खोली. विमानाची, रेल्वेची तिकिटं काढून द्यायची, फॉर्म भरून द्यायचे, झेरॉक्स काढायची. दुकान उघडलं त्या दिवशी काका पूजेचा प्रसाद घ्यायला आले आणि प्रसाद हातातच धरून संगणकाकडे बघत उभे राहिले.

"ह्याका विचार, लंडन किती लांब?"

मी मोठ्या रुबाबात बटणं दाबली. "सात हजार सहाशे किलोमीटर धरा, काका. थेट विमान मिळालं तर दहा तास."

त्यांनी काच पुसली. "तें विमानाचें झालें. माणसाचें सांग."

"म्हणजे?"

"माणूस काय विमानतळार जल्माक येता? घर आसा त्याका. दारातल्यान दारापर्यंत सांग."

मग ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी मला हिशेब शिकवला. घरातून हमरस्त्यापर्यंत बॅग ओढत बारा मिनिटं. त्याआधी काकी देवाला हात जोडणार, मग चष्मा शोधणार, मग चष्मा देवापुढेच राहिला म्हणून परत जाणार, त्याची पंधरा. टॅक्सीवाला "पावलोंच" म्हणाला की अर्धा तास धरायचा. विमानतळावर तीन तास आधी. तिकडे उतरल्यावर रांग. मग आगगाडी. मग जिना. "मजलो कितवो?" त्यांनी मला विचारलं. मला काय ठाऊक कोणाचा मजला? पण त्यांना तोही पाहिजे होता. दाराची घंटा वाजवून दार उघडेपर्यंत प्रवास संपत नाही, असं त्यांचं म्हणणं. दहा तासांचे त्यांनी एकवीस करून दाखवले. मी हसलो. नंतर मात्र गिऱ्हाइकांना तसंच सांगायला लागलो आणि श्रेय स्वतः घेतलं.

मोपाचा विमानतळ सुरू झाला तेव्हा तर काकांना ऊतच आला. गोव्यात आता दोन विमानतळ. पेडण्याच्या डोंगरावर एक आणि मुरगावच्या बाजूला दाबोळीचा जुना. आमच्या माणसांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत अशी की विमान म्हणजे दाबोळी. कारापूरच्या एका गृहस्थांनी आपल्या मेव्हण्याला थाटात दाबोळीला नेऊन सोडलं, हार घातला, फोटो काढले, आणि विमान मोपाहून उडालं. त्यानंतर काकांनी खिशात लाल पेन ठेवायला सुरुवात केली. माझ्या दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक तिकिटावर ते अंगठ्याएवढ्या अक्षरांत लिहायचे, मोपा, नाही तर दाबोळी. गिऱ्हाईक शिकलेलं असो, सुटाबुटातलं असो, त्याला समोर बसवून वदवून घ्यायचे. "खंय वतलो तू? म्हण." तो बिचारा म्हणायचा, "मोपा." "परत एकदा म्हण." मला कधी कधी वैताग यायचा. पण माझं एकही गिऱ्हाईक चुकीच्या विमानतळावर गेलं नाही, हे खरं.

नोकरीतल्या गोष्टी ते फार सांगत नसत. ज्या ऐकल्या त्या कंडक्टर लोकांकडून. स्टँडवरच्या नोंदवहीत चार रकाने असायचे: गाडी, सुटायची वेळ, सुटली ती वेळ, कारण. चौथा रकाना बाकीचे लोक सरसकट "रहदारी" लिहून भरायचे. काका खरं कारण लिहायचे. "ड्रायव्हर चहा पीत होता." "टायर." एकदा "मागच्या सीटवरची दोन माणसे भांडली, त्यात मीही बोललो." साहेब लोक कपाळावर हात मारून घ्यायचे.

उशिरा सुटणाऱ्या गाडीवर त्यांचा तेवढा राग नव्हता. वेळेआधी सुटणाऱ्या गाडीवर होता. दोन मिनिटं आधी गाडी काढली म्हणून त्यांनी एका ड्रायव्हरला भर स्टँडवर असं झापलं की तो रडकुंडीला आला. "उशीर झालो तर लोक गाळी घालतले, घालूं दी. पण आदीं सोडलीस तर जो धांवत येता, त्याणें कोणाक विचारचें?" हे वाक्य ते वर्षातून चारदा तरी बोलायचे. मीही त्यांची नक्कल करून ते बोलायचो, मित्रांना हसवायला.

आणि ते धावत येणारं माणूस एकदा माझी आई होती. बाबा पणजीच्या इस्पितळात होते. संध्याकाळी निरोप आला की बोलावलंय. आई शेतातून तशीच निघाली, पायाला चिखल, आणि स्टँडवर पोचायच्या आत पणजीच्या शेवटच्या गाडीची वेळ होऊन गेली होती. काका गाडीच्या दारात उभे. एक पाय पायरीवर, एक जमिनीवर. ड्रायव्हर हॉर्न मारतोय, आतले लोक ओरडताहेत, आणि हे हलत नाहीत. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की ती येते आहे. सात मिनिटं त्यांनी ती गाडी अडवून धरली. आई पोचली. बाबांनी तिच्या हातून पाणी घेतलं, तिला काहीतरी सांगितलं, जे तिने आम्हांला कधीच सांगितलं नाही, आणि तासाभरात गेले. नोंदवहीत काकांनी लिहिलं, "सात मिनिटे उशीर. कारण: मी थांबवली." मेमो आला. त्याला त्यांनी उत्तर दिलं, "वरील कारण खरे आहे."

हे सगळं मला माहीत होतं. पुढचं वाचताना तुम्ही हे लक्षात ठेवा, म्हणून आधी सांगितलं.

काका-काकींना एकच मुलगी. नर्सिंग शिकत होती तेव्हापासूनच तिचं लंडनला जायचं चाललं होतं, आणि पुढे ती गेली. म्हणूनच त्यांना पहिल्या दिवसापासून लंडन पाहिजे होतं. तिला सोडायला मोपाला मीच माझ्या गाडीतून त्यांना नेलं. आत जायची वेळ झाली तेव्हा ती आईच्या गळ्यात पडली ती सुटेना. काकींच्या हृदयाचं दुखणं तेव्हाच निघालेलं होतं. "पप्पा, आईक काय झालें आनी हांव पावलें ना तर?" ती रडत म्हणाली. काकांनी काच पुसली. म्हणाले, "बाये, भियेव नाका. तू येयसर हांव गाडी सोडचों ना." ती येईपर्यंत गाडी न सोडण्याचं ते वचन मी शेजारी ट्रॉली धरून ऐकलं. माझेही डोळे भरून आले होते. माझे डोळे पटकन भरून येतात.

काकींनी मग स्वयंपाकघरात दुसरं घड्याळ लावून घेतलं, लंडनच्या वेळेचं. तिकडे वर्षातून दोनदा घड्याळ एक तास मागेपुढे करतात, म्हणून त्या दोन रविवारी काका स्टुलावर चढून काटे फिरवायचे आणि काकी खाली स्टूल धरून उभ्या. "बाय आतां उठली." "बाय आतां कामार गेली." डाळीला फोडणी देता देता काकींचं हे चालू असायचं. त्या स्वतः लंडनला कधी गेल्या नाहीत. डॉक्टरांनी विमान नको सांगितलं होतं. सात हजार सहाशे किलोमीटर त्यांनी त्या भिंतीवरच्या घड्याळावर बघितले.

आता जत्रेचं सांगतो. आमच्या देवीची जत्रा थंडीत असते. त्या वर्षी मी देवस्थान समितीचा सचिव झालो होतो. पत्रिकेवर पहिल्यांदा माझं नाव छापून आलं होतं, अध्यक्षांच्या खाली, ठळक अक्षरांत. ती पत्रिका मी दुकानाच्या काचेला आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून चिकटवली होती. नाटक कंपनी मी ठरवलेली. बऱ्यापैकी नाव असलेली, मोठ्या मिनतवारीने त्यांची एक तारीख मिळाली होती. दुसऱ्या दिवशी त्यांचा खेळ पेडण्याला होता. रंगमंच उभा राहिला होता, खाजेवाल्यांनी मांडव घातले होते, माझ्या सासरची माणसं जत्रेला यायची होती.

जत्रेच्या दिवशी पहाटे साडेपाचला काकी गेल्या. झोपेतच.

आमच्याकडे देवळाच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, मृत्यू झाला की देह उचलेपर्यंत देवळात पूजा होत नाही, घंटा वाजत नाही, आजूबाजूच्या घरांत चूल पेटत नाही. एकदा उचलला की मग देऊळ धुऊन घेतात आणि सगळं सुरू होतं. पालखी संध्याकाळी निघायची होती. म्हणजे काकींना किती वाजता उचलणार, यावर आमची जत्रा लटकली होती. भटजी सरळ माणूस. ते म्हणाले, "देव खंय पळून वता? पालखी फाल्यां काडूंया." पूर्वी पालखी अशी दुसऱ्या दिवशी काढलीही होती म्हणे. पण अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. "तूच वच आनी विचार. तुजें ऐकतले ते. विमानाचें तुकाच कळता."

काका ओसरीवर बसले होते. आतून बायकांचं रडणं ऐकू येत होतं. माझा हात धरून त्यांनी मला शेजारी बसवलं आणि मी तोंड उघडायच्या आधी त्यांनीच विचारलं, "पुता, बाय कितल्याक पावतली?"

मी फोन काढला. त्यांच्या शेजारी बसून शोधलं. यादी आली. दुसरीच ओळ होती: लंडनहून सकाळी निघणारं विमान, आखातात एक थांबा, मोपाला दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचार. जागा होत्या. लंडनला तेव्हा मध्यरात्र उलटून फार तर तास झाला असेल. मुलगी आरामात निघू शकली असती. साडेसहापर्यंत घरात.

हे सगळं मी वाचलं. वाचलं नाही, चुकलं, घाईत दिसलं नाही, असं मी पुढे पुष्कळ दिवस स्वतःला सांगून बघितलं. पण मी ती ओळ दोनदा वाचली होती.

"आज काहीच नाही, काका," मी म्हटलं. "सगळी भरलेली आहेत. उद्याचं मिळालं तर परवा सकाळ होईल."

त्यांनी काच पुसली. दोनदा. "दारातल्यान दारापर्यंत?"

"दारातल्यान दारापर्यंत," मी म्हटलं.

एरवी बसची वेळ सांगितली तरी उलटसुलट चार प्रश्न विचारणाऱ्या या माणसाने त्या दिवशी मला एकही प्रश्न विचारला नाही. "एक रात आसती तर हांव बसलों आसतों तिच्याकडेन," ते म्हणाले. "दोन राती घरांत दवरूंक जावचें ना. शवागारांत दवरची पडटली." मग मला समजावून सांगितल्यासारखे म्हणाले, "तिका थंड सोसना रे. चवथींत सुद्धां ती स्वेटर घालता."

मी मान डोलावली. मला ठाऊक होतं की एकच रात्र होती.

ते उठून स्वयंपाकघरात गेले. लंडनच्या घड्याळाखाली उभं राहून त्यांनी मुलीला परत फोन लावला. मी ओसरीवरून ऐकलं. "बाये, तो म्हणता परवां पावतली. गाडी सोडची पडटा गो."

नऊला उचलली. मी खांदा दिला. पुढच्या बाजूचा.

स्मशानातून परतलो तेव्हा काकांची बहीण पाण्याची कळशी घेऊन दारात उभी होती. पायांवर पाणी ओतता ओतता ती म्हणाली, "बायेचो फोन आयिल्लो. तुमी गेल्यार. विमान मेळ्ळें तिका. सोदून काडलें तिणें. फाल्यां सकाळीं पावता."

काकांच्या ओंजळीतलं पाणी तसंच राहिलं. "कितल्याक?"

"मोपा साडेचाराक म्हणटा."

अध्यक्ष मागून म्हणाले, "नशीब पोरीचें. कोणेंतरी तिकीट रद्द केली आसतली." सगळ्यांनी हं हं केलं. मीही केलं. काकांनी ओल्याच अंगठ्याने घड्याळाची काच पुसली, ती आणखी ओली झाली, आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. त्या बघण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं. गाडी का सुटली याचं कारण शोधणाऱ्या माणसासारखे ते बघत होते, आणि ते त्यांना सापडलं, हे मला दिसलं. मग त्यांनी पाय धुतले आणि आत गेले.

जत्रा छान झाली. एवढी गर्दी बऱ्याच वर्षांत नव्हती म्हणाले लोक. पालखी काकांच्या घरासमोरून जाताना रिवाजाप्रमाणे ढोल-ताशे बंद केले, ते वळण आम्ही मुकाट्याने पार केलं. सकाळचाच खांदा पालखीखाली होता. घराचं दार बंद, फक्त स्वयंपाकघराच्या जनेलात उजेड. नाटकाला माणसं उठून टाळ्या वाजवत होती. अध्यक्षांनी माइकवरून माझं नाव घेतलं. सासरे कौतुकाने बघत होते. मी हात जोडले, हसलो. ते हसणं आठवलं की अजून मला आरशासमोर दाढी करता येत नाही नीट.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने पेजेचं भांडं आणि लोणचं माझ्या हातात दिलं. सुतकाच्या घरात शेजारपाजारची पेज जाते. "पोर उपाशी येतली, वेळेर वच," ती म्हणाली. तिला काही माहीत नव्हतं. अजूनही नाही, हे वाचेल तेव्हा कळेल. मी भांडं घेऊन अंगणात पाय टाकला आणि मागून टॅक्सी आली.

मुलगी उतरली. अंगावर तिकडचा जाड कोट, पायात चपला वेगवेगळ्या जोडांतल्या. ती सरळ आत गेली. मीही भांडं हातात घेऊन मागोमाग गेलो, कारण ते कुठेतरी ठेवणं भाग होतं. खोलीत जमीन सारवलेली, तिथे एक दिवा तेवत होता, बाकी काही नव्हतं. ती त्या दिव्याकडे बघत उभी राहिली. मग तिने काकांकडे बघितलं आणि आईला किती वाजता नेली ते विचारलं, "कितल्याक व्हेली?"

"णवांक," काका म्हणाले.

ती खाली बसली. दिव्याजवळच्या ओलसर जमिनीवर तिने तळहात ठेवला. रडली नाही तेव्हा. काका तिच्याजवळ उकिडवे बसले, घड्याळ पुसलं, आणि अगदी हळू, काळजीने विचारलं, "तुका किती लागलें गो? दारातल्यान दारापर्यंत?"

"वीस तास चाळीस मिनटां," ती म्हणाली. बापाचीच मुलगी. मोजलं होतं तिने.

काकांनी मान हलवली. माझ्याकडे वळून बघितलं नाही. "पेज थंय दवर," ते म्हणाले. मी भांडं ठेवलं आणि बाहेर पडलो. अंगणात पायात घालताना चप्पल तीनदा उलटी पडली.

त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. त्यांची खुर्ची रिकामी, लाल पेन टेबलावर. तिकिटांवर मोपा आणि दाबोळी मीच लिहायला लागलो. गावात समोरासमोर आलो की ते थांबायचे, "बरो मू?" विचारायचे, उत्तर ऐकून पुढे जायचे. कोणाला काही बोलले नाहीत. बोलले असते तर गाव मला दोन शिव्या देऊन मोकळं झालं असतं आणि मीही मोकळा झालो असतो. मी किती वेळा त्यांच्या ओसरीपर्यंत गेलो आणि परत फिरलो, ते मोजलेलं नाही. प्रत्येक वेळी काहीतरी कारण मिळायचं. पाहुणे आहेत. दिवेलागण झाली. आज नको.

मुलीने त्यांना तिकडे न्यायचं ठरवलं. तिकीट ती तिकडूनच काढू शकली असती. पण एका सकाळी काका स्वतः दुकानात आले आणि आपल्या खुर्चीवर न बसता गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसले.

"लंडन. एक," ते म्हणाले.

मी तिकीट काढलं. लाल पेनाने वर मोपा लिहिलं. त्यांनी विचारलं, "विमान कितल्याक?" मी सांगितलं. "दहा तास मू?" "होय काका. थेट आहे." त्यांनी मान हलवली. मी वाट बघत राहिलो. काच पुसतील, विचारतील. मी सगळा हिशेब तयार ठेवला होता, त्यांच्या घरापासून हमरस्ता, टॅक्सी, रांग, आगगाडी, मुलीचा मजलादेखील मी शोधून काढला होता, तिसरा. त्यांनी विचारलंच नाही.

"काका," मी म्हटलं, "दारातल्यान दारापर्यंत…"

"तें हांव पळयतां," ते म्हणाले. त्यांचं ते बघून घेणार होते. खेकसून नाही. साधेपणाने.

मग मला राहवलं नाही. "त्या दिवशी, काका," एवढंच म्हणालो. त्यांनी हात वर केला. टेबलावरचा एक कोरा कागद ओढला, लाल पेन घेतलं आणि पट्टी न लावता तीन उभ्या रेघा मारल्या. चार रकाने. इतक्या वर्षांची सवय, रेघा सरळ होत्या. पहिल्या रकान्यात त्यांनी काकींचं नाव लिहिलं. दुसऱ्यात, सुटायच्या वेळेखाली, "सकाळी साडेसात, दुसरा दिवस." तिसऱ्यात, सुटली त्या वेळेखाली, "नऊ, पहिला दिवस." चौथा कोरा ठेवून त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि पेन माझ्या हातात दिलं.

"बरय," ते म्हणाले. लिही.

मी पेन धरलं. टोक कागदाला लावलं, तिथे एक लाल ठिपका पडला. चार अक्षरं लिहायची होती. तेवढ्यात दारातून एक गिऱ्हाईक आत डोकावलं आणि म्हणालं, "पात्राव, मुंबईचें विमान मोपाचें काय दाबोळीचें?" आणि मी त्याला उत्तर दिलं. वळून, सविस्तर, दोन्ही विमानतळांच्या वेळा सांगून. इतक्या आनंदाने मी कोणत्याच गिऱ्हाइकाला कधी उत्तर दिलं नसेल.

परत वळलो तेव्हा काका उभे होते. त्यांनी तो कागद चार घड्या घालून तिकिटाबरोबर खिशात ठेवला. पेन टेबलावर तसंच ठेवलं. "येतां," म्हणाले, आणि रस्ता ओलांडून स्टँडकडे गेले. तिथे पणजीची गाडी लागली होती. गाडीच्या दाराशी ते जरा थांबले, वर बघून ड्रायव्हरशी काहीतरी बोलले, मग चालत पुढे गेले.

त्यांना मोपाला पुतण्याने सोडलं. मला विचारलं नाही, आणि मीही येतो म्हणालो नाही. आता घर बंद आहे. मागच्या बाजूने गेलं तर स्वयंपाकघराच्या जनेलातून भिंतीवरचं ते घड्याळ दिसतं. कधीचं तरी बंद पडलंय. तिकडून कोणी आलं की मी आडून आडून विचारतो. बरे आहेत म्हणतात. थंडी सोसत नाही, पण फिरायला जातात. जवळच्या बसथांब्यावर जाऊन बसतात, गाड्या बघतात. तिकडच्या गाड्या वेळेआधी आल्या तर वेळ होईपर्यंत थांबून राहतात, हे त्यांना फार आवडलंय म्हणे.

चौथा रकाना कोराच घेऊन ते गेले. तो कागद त्यांनी फाडला असेल असं मला वाटत नाही. नोंदवहीचं पान ते कधी फाडत नसत. म्हणून इतक्या उशिराने, त्यांचंच लाल पेन हातात घेऊन, इथे लिहितो आहे.

कारण: मी सोडली.